चावीवाल्याच्या घरातला रूळ

बाबांच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले होते तेव्हा त्यांच्यावर रूळ चोरल्याचा संशय आला. तो रूळ आमच्या ओटीवर उभा होता. माझ्या जन्माआधीपासून उभा होता, बाबांच्याही जन्माआधीपासून. पण हे आम्ही सांगून कोण ऐकणार. चोराच्या घरचे सगळे हेच सांगतात.

बाबा रेल्वेत चावीवाले. कर्जत-खोपोली लाइनीवर केळवली-डोळवलीच्या बाजूचा काही किलोमीटरचा तुकडा त्यांच्याकडं होता. सकाळी निघायचं, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पिशवीत पाना, झेंड्या, आणि गाडी रोखायची वेळ आलीच तर रुळावर लावायचे फटाके. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. सैल झालेलं ठोकायचं, निघालेलं बसवायचं, तडा दिसला तर गाडी थांबवायची. पूर्वी रूळ खालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवायला लोखंडी चाव्या असायच्या, त्या ठोकणारा तो चावीवाला. आता चाव्या गेल्या, त्यांच्या जागी वाकड्या स्प्रिंगसारख्या क्लिपा आल्या, पण हुद्दा तोच राहिला. तेहतीस वर्षं बाबांनी हे केलं. त्यांच्या तुकड्यात एकदाही गाडी घसरली नाही. याबद्दल त्यांचा कोणी सत्कार केला नाही, कारण न घसरलेली गाडी कोणाच्या लक्षात राहत नाही.

बाबा चौथी शिकलेले. आई शाळेत गेलीच नाही. मी बी.एस्सी., फिजिक्स. आमच्या दोन्ही बाजूंच्या घराण्यांत, जिवंत आणि मेलेले धरून, पहिली ग्रॅज्युएट. हे मी दर वेळी सांगते. ज्यांच्या घरात सगळेच शिकलेले त्यांना सांगावं लागत नाही, आम्हाला लागतं. साजगावच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. तयार माल मोजायचा, मापात बसला तर सोडायचा, नाही बसला तर परत पाठवायचा. माझ्या टेबलावर व्हर्नियर कॅलिपर असतो, मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा दाखवणारा, आणि मी नसताना त्याला कोणी हात लावत नाही.

रुळांबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. रूळ वजनावर ओळखतात. एका मीटरच्या तुकड्याचं वजन साठ किलो भरलं तर तो साठ किलोचा, बावन्न भरलं तर बावन्नचा. त्याआधीचा पौंडातला होता, यार्डाला नव्वद पौंड. बाबा त्याला नुसतं ‘नव्वद’ म्हणतात, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला नुसत्या आडनावानं हाक मारावी तसं. घाट चढणाऱ्या जड गाड्या जिथून जातात त्या मेन लाइनीला साठचा रूळ. तिथून निघालेला पण अजून जीव असलेला रूळ ब्रँचला येतो, ब्रँचचा सायडिंगला, म्हणजे डबे उभे ठेवायच्या लाइनीला जातो. थोरल्याचा शर्ट मधल्याला, मधल्याचा धाकट्याला. धाकट्यानं फाडला की भंगार. आमच्या भागात मात्र भंगारानंतरही रुळाला काम असतं. ओहोळावरचा साकव रुळांचा, गोठ्याचे खांब रुळांचे, कशेळ्याच्या पलीकडच्या वाड्यांवर शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला हातभर रूळ. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीचा रूळ बाबा या उतरंडीत धरतच नाहीत. एका पावसाळ्यानंतर त्यांना तिकडं कामाला पाठवलं होतं. घरी येऊन आईला म्हणाले, “रूळ कसला, खिडकीचा गज हाय तो.”

आमच्या घरातला रूळ ओटी आणि माजघराच्या मधल्या भिंतीत उभा आहे. वरच्या तुळईचा भार त्याच्यावर. अर्धा भिंतीच्या आत, अर्धा बाहेर. म्हणजे ओटीवर बसलेल्याला रुळाचं डोकं दिसतं, ज्याच्यावरून चाक धावतं तो भाग, आणि त्यामागची थोडीशी कंबर. बाकीचा विटांत गेलेला. आमच्याकडं घरात लग्न निघालं की भिंतींना चुना आणि रुळाला ऑइलपेंट लागतो. हळदीच्या दिवशी नवरीच्या किंवा नवऱ्याच्या आधी त्याला हळदीची पाच बोटं लावतात. घर तोच धरून उभा आहे, तेव्हा पहिला मान त्याचा. आत्या सासरी गेल्या तेव्हा निळा, काका बोहल्यावर चढले तेव्हा पोपटी, बाबांच्या लग्नात गुलाबी. जुना रंग खरवडायची पद्धत नाही. नवा वरून लावायचा.

आणि त्या रंगावर बाबांचं लिखाण. रेल्वेत रुळावर लिहायची रीत आहे. तेल दिल्याची तारीख लिहितात, तपासून ठीक असलं तर इंग्रजीत ओके लिहितात, मशीन फिरवून आत दोष सापडला तर लाल फुली मारतात. बाबांना लिहायची जी काही सवय ती सगळी रुळावरची. कागद समोर आला की त्यांना सुचत नाही. त्यामुळं दर जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ते मला रुळाला पाठ लावून उभं करायचे आणि डोक्यावर पिवळी आडवी रेघ मारायचे, शेजारी तारीख. दुसरीत मला टायफॉईड झाला त्या वर्षी रेघेशेजारी लाल फुली आहे. तिच्याखाली ओके आहे. मी बी.एस्सी. झाले तेव्हा उंची वाढायची थांबली होती, म्हणून रेघ नाही, फक्त वीतभर अक्षरांत ओके आहे. माझ्या पदवीचं सर्टिफिकेट कपाटात आहे, पण घरी येणाऱ्याला दिसायचं ते हे.

तर त्या एप्रिलात लाइनीच्या कडेला ठेवलेले रुळांचे कापलेले तुकडे नाहीसे झाले. दोन-अडीच मीटरचे, बावन्न किलोचे, खराब म्हणून काढलेले. कोणीतरी टेंपो लावून नेले असणार. रेल्वे पोलिसांतले एक फौजदार लाइनीच्या कडेची गावं धुंडायला लागले. आमच्या गावात त्यांना पहिल्याच दिवशी गोठ्यात, गटारावर आणि देवळामागं मिळून इतका रूळ सापडला की ते जरा वेळ पारावर बसून राहिले. मग कोणीतरी त्यांना सांगितलं, साहेब, चावीवाल्याच्या घरात पण हाय. कोणी सांगितलं ते कळलं नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणालाच माहीत नव्हतं.

फौजदार आले. वाईट माणूस नव्हता. पाणी प्याला, चहा नको म्हणाला, आणि रुळासमोर उभा राहून वाचायला लागला.

“ही लाल फुली कसली?”

“टायफॉईडची,” बाबा म्हणाले.

फौजदारांनी त्यांच्याकडं पाहिलं.

“हिला झाला हुता. दुसरीला असताना.”

“लाइनीवर खराब रुळाला अशीच फुली मारतात ना?”

“तशीच मारतात. म्हणून तशी मारली.”

“आणि हा ओके?”

“बरी झाली.”

“आणि हा मोठा?”

“बी.एस्सी. झाली.”

फौजदारांचं पेन वहीवर टेकलेलं होतं, पण ते लिहीत नव्हते. “रंग कुठला हा?”

आईनं बाबांच्या पायावर पाय दिला. मला दिसलं, फौजदारांनाही दिसलं. बाबा म्हणाले, “रंग रेल्वेचा. डब्याच्या बुडाला राहिलेला.”

“रंगाची तक्रार नाही माझ्याकडं,” फौजदार म्हणाले. त्यांनी खिशातून कागद काढला. सेक्शनच्या ऑफिसातून त्यांना चोरीच्या मालाचं वर्णन दिलेलं होतं. “हा रूळ कितीचा आहे?”

बाबा म्हणाले, “मला काय ठावं. कंदी मोजला नाय.” तेहतीस वर्षं रूळ बघणाऱ्या माणसाचं हे उत्तर कोणालाही खोटंच वाटेल. पण ते खरं होतं. बाबा ड्यूटीवर रूळ बघायचे. घरी आल्यावर त्याला टेकून बसायचे.

इथं मी पुढं झाले. “थांबा, मोजून देते,” म्हणाले. कारखान्याचा कॅलिपर त्या दिवशी नेमका पिशवीत होता, दुसऱ्या दिवशी तपासणीला कर्जतला न्यायचा म्हणून. मी तो काढला, डोळ्यांवरची बट मागं सारली आणि कोणालाही न विचारता रुळाच्या डोक्याची रुंदी घेतली. तीन जागी घेतली, सरासरी काढली. सदुसष्ट मिलिमीटर. वहीचं पान फाडून त्याच्यावर मापं लिहिली, खाली सही केली, सहीखाली बी.एस्सी. लिहिलं.

फौजदारांनी माझा कागद आपल्या कागदाशेजारी धरला. बावन्न किलोच्या रुळाच्या डोक्याची रुंदी सदुसष्ट मिलिमीटर असते. त्यांच्या कागदावर ते टाइप केलेलं होतं.

“थँक यू,” ते म्हणाले आणि दोन्ही कागद एकत्र टाचले. रेघांशेजारच्या जुन्या तारखा मी दाखवल्या, तर म्हणाले, “तारीख काय, मागची पण घालता येते.”

दुसऱ्या दिवसापासून बाबांचा पट्टा, म्हणजे लाइनीचा तो तुकडा, काढून घेतला. निलंबन नाही, काही नाही. चौकशी होईपर्यंत ग्यांगच्या, म्हणजे लाइनीवरच्या मजुरांच्या टोळीच्या खोलीत हत्यारांवर बसायचं. निवृत्तीचे कागदही तोवर पुढं सरकणार नाहीत असं तोंडी सांगितलं. पाच आठवड्यांत निकाल लागला नाही तर तेहतीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटी संशय लिहिलेला राहणार होता, आणि तो लिहिलेला राहिला की काढणार कोण.

हत्यारांवर बसणं म्हणजे काय, तर खोलीत बसून हातोडे मोजायचे. आठ होते. संध्याकाळी पुन्हा आठच.

त्यात एप्रिल. उन्हानं रूळ वाढतो. जुन्या लाइनीत दोन रुळांच्या मध्ये फट ठेवलेली असायची, ती वाढ गिळायला. खडखड-खडखड आवाज तिचाच. आता रूळ एकमेकांना वितळवून जोडतात, किलोमीटरच्या किलोमीटर एकसंध, आणि तो क्लिपांनी जखडून ठेवतात. क्लिपा सैल पडल्या की रूळ जागा मिळेल तिकडं वाकतो. त्यामुळं उन्हाळ्यात चावीवाल्याला दुपारचंही काम असतं, आणि आमचा चावीवाला हातोडे मोजत होता.

 सुट्टीच्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला उठून बाबा शेताच्या बांधावरून चालायला लागले. बांध लाइनीला लागूनच आहे. हात मागं बांधलेले, मान रुळाकडं वळवलेली. त्यांच्या जागी दिलेला तरुण चावीवाला लाइनीवरून चालायचा आणि हे त्याच्या बरोबरीनं बांधावरून.

“ए, तिसरी क्लिप बग! आतल्या अंगाची!”

“बघितली, काका!”

“बघितली तर ठोक ना रं. नुसती बघून काय बसती काय?”

आईनं त्यांना अडवलं नाही. बांधावरून चालायला रेल्वेची परवानगी लागत नाही.

गावात मात्र बोलणं सुरू झालं होतं. शेजारच्या काकी मीठ मागायला यायच्या आणि रुळाकडं बघत उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, “वैनी, रूळ हाय तर गाडी कंदी सुरू करताव? आमाला बी खोपोलीला जायला बरं.” आई म्हणाली, “तुमी बसा फलाटावर, येईल.” पण काकी गेल्यावर आईनं मिठाचा डबा जोरात आपटला. स्टेशनबाहेरच्या टपरीवर तर बाबांचं नावच पडलं. ते तोंडावर कोणी घेत नव्हतं, म्हणून मीही लिहीत नाही.

मला झोंबत होता तो माझा कागद. बापाविरुद्धचा एकमेव लेखी पुरावा पोरीच्या अक्षरात, पोरीच्या सहीनं, डिग्रीसकट. कारखान्यात मी आठवडाभर माल मोजत राहिले आणि एका दिवशी एका नव्या पोरीवर ओरडले. तिनं ऑइल लागलेला पार्ट तसाच मोजायला घेतला होता. “मोजायच्या आधी पुसायचं, हे शाळेत शिकवलं नाही का?” असं मी म्हणाले आणि तिथंच थांबले. पुसायचं. आमच्या रुळावर आत्यांचा निळा होता, काकांचा पोपटी, बाबांचा गुलाबी, आणि त्याखाली आणखी कोणाकोणाची लग्नं. मी लोखंड मोजलंच नव्हतं. मी लग्नं मोजली होती.

रविवारी मी रॉकेलचा बोळा आणि रंग खरवडायची पत्री घेऊन बसले. आई म्हणाली, “रुळाचा रंग कोणी काढतं का गं? अवलक्षण.” बाबांनी मात्र माझ्या हातातून पत्री घेतली आणि स्वतः खरवडायला लागले. उंचीच्या रेघा राहू देत, खालची वीतभर जागा खरवडू, असं ठरलं. गुलाबी गेला, पोपटी गेला, निळा गेला. त्याखाली तपकिरी, त्याखाली काजळी आणि तेल यांचा एक थर, तो लोखंडाइतकाच कठीण. मग काळं लोखंड लागलं. पुसलं, वाळू दिलं, मोजलं. साडेत्रेसष्ट मिलिमीटर. म्हणजे बरोबर अडीच इंच.

“बावन्नचा नाही!” मी म्हणाले.

बाबा म्हणाले, “झिजलेला बावन्न हाय असं म्हनतील. डोकं झिजतं.”

ते बरोबर होतं. वळणावर तर चाक रुळाचं डोकं बाजूनं खातं, मिलिमीटर-मिलिमीटर. साडेत्रेसष्टचा पुरावा करायला मी निघाले असते तर फौजदारांनी तोही पहिल्या कागदाला टाचला असता.

“मग काय करायचं?”

“पाय बगायचा,” बाबा म्हणाले. “डोकं झिजतं, पाय झिजत नाय.”

रुळाचा पाय म्हणजे खालचा पसरट भाग, ज्यावर तो स्लीपरवर बसतो. बावन्न किलोच्या रुळाचा पाय एकशे छत्तीस मिलिमीटर रुंद, साठच्याचा दीडशे. ते माप कोणी बदलू शकत नाही. पण आमच्या रुळाचा पाय भिंतीत होता, आणि भिंतीच्या त्या बाजूला, माजघरात, नेमक्या त्याच जागी आईच्या देवांचा कोनाडा.

आई म्हणाली, “देव हलवायचे नाहीत.”  संध्याकाळी तिनंच सुपात तांदूळ पसरले आणि एकेक देव उचलून त्यावर ठेवला. “फोडायची तर नीट फोडा,” म्हणाली.

मी लगेच छन्नी आणायला निघाले, तर बाबांनी थांबवलं. “आज नाय. साहेबांच्या समोर. आज फोडली तर म्हनतील रातीत बदलला.” मला हे सुचलं नव्हतं. मी बी.एस्सी. आहे.

साहेब म्हणजे बाबांच्या सेक्शनचे इंजिनीयर. मी फोन केला, बाबा जवळ उभे राहून काय बोलायचं ते सांगत होते. साहेब फौजदारांना घेऊन तीन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास आले. आम्ही तुळईखाली दोन टेकू लावून ठेवले होते. टेकूचे वासे काकींकडचे, त्यामुळं काकीही त्यांच्याबरोबर आल्या आणि वासे कुठं जातात ते बघायला थांबल्या. फौजदारांनी एकदा छपराकडं, एकदा टेकूंकडं पाहिलं आणि पंचनामा अंगणातून करायचं ठरवलं.

बाबांनी छन्नी लावली. ड्यूटीचा हातोडा जमा होता, घरातली हातोडी हलकी पडत होती. गिलावा पडला, एक वीट हलली, निघाली. मग दुसरी. माती गळायला लागली, भोकातून माजघरातला उजेड ओटीवर आला. तिसरी वीट निघाल्यावर मी हात घातला. मला पायाची धारदार सपाट कड लागायला हवी होती. बोटं कंबरेवरून पुढं सरकली आणि गोल काहीतरी लागलं.

“पाय नाही,” मी म्हणाले.

“नाय कसा? रुळाला पाय असतोच.”

“तुम्ही बघा.”

बाबांनी हात घातला. बराच वेळ आत ठेवला. मग बाहेर काढला आणि धुळीतच खाली बसले. “हिकडं पन डोकंच हाय,” ते साहेबांना म्हणाले. तक्रार केल्यासारखे म्हणाले.

साहेब गुडघ्यांवर आले. मोबाइलचा उजेड आत टाकला, मान वाकडी करून पाहिलं, आणि मग त्यांचा आवाजच बदलला. “अरे, हा दोन डोक्यांचा आहे! हा मी फक्त पुस्तकात पाहिलाय.”

अंगणातून फौजदार म्हणाले, “म्हणजे काय?”

साहेबांनी सांगितलं ते असं. आगगाडी आपल्याकडं नवी होती तेव्हाचा हा रूळ. वर डोकं, खालीही तसंच डोकं, आणि तो बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या बैठकीत बसवायचा. कल्पना अशी की वरचं डोकं झिजलं की रूळ उलटा करायचा, एका रुळात दोन रूळ. पण गाड्या जाऊन जाऊन खालचं डोकं बैठकीत चेपायचं, त्याला खळगे पडायचे. उलटा केला की गाडी त्या खळग्यांवरून आपटत जायची. मग ती कल्पना सोडून दिली आणि पायाचा रूळ आला.

“कल्पना साहेब लोकांची असंल,” बाबा म्हणाले. “चावीवाल्याला विचारलं असतं तर त्यानं आदीच सांगितलं असतं.”

“दोन डोकी नि पाय नाय,” काकी म्हणाल्या. “आमच्या पंचायतीसारखं.”

साहेब हसले, मग पुन्हा आत बघायला लागले. त्यांना तो सोडवेना. मी कॅलिपर दिला, त्यांनी आतल्या डोक्याचं माप घेतलं, फोटो काढले. उठताना म्हणाले, “हा खरं तर म्युझियममध्ये असायला हवा. काढता येईल का?”

आई माजघरातून म्हणाली, “न्या की. छप्पर बी न्या मग.”

बाबा अजून खालीच बसले होते. मला वाटलं सुटल्याचं त्यांना बरं वाटत असेल. पण ते मला हळूच म्हणाले, “तेहतीस वर्सं रुळांत काढली, बाय. आनि पाठीला हा हुता तो कंदी बगितला नाय.” मग उठले, हात झटकले आणि अंगणात फौजदारांसमोर जाऊन उभे राहिले.

फौजदार पंचनामा लिहीत होते. साहेबांनी आपलं म्हणणं दिलं: असा रूळ या सेक्शनात आज कुठंही नाही, चोरीला गेलेल्या मालाशी जुळत नाही. फौजदारांनी ते लिहिलं आणि सहीसाठी कागद बाबांपुढं केला. बाबांनी तो माझ्याकडं दिला. “वाच.”

मी वाचलं. भिंत, विटा, रुळाचा आकार, दोन्ही मापं, साहेबांचा अभिप्राय. ‘सदर रूळ चोरीच्या मालाशी जुळत नसल्याचे दिसून आले.’

“आनि मी चोर नाय, हे कुठं लिवलंय?”

“त्याचा अर्थ तोच होतो, काका,” फौजदार म्हणाले. “तसा वेगळा कॉलम नसतो.”

“टपरीवर बोलत्यात त्याला कॉलम हुता काय?”

फौजदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “काका, मी लिहिलं तर विचारतील, मग हा रूळ आला कुठून? तुमच्या आजोबांनी आणला? विकत आणला? कागद आहे?”

मी बाबांकडं पाहिलं. पणजोबांबद्दल घरात एवढंच सांगतात की रूळ त्यांनी आणला. आणला म्हणजे कसा, हे कोणी कधी विचारलेलं नाही. त्या काळात आमच्या घरात विकत घेण्यासारखं काय होतं हेही मला माहीत आहे, आणि रूळ डोक्यावरून आणता येत नाही, किमान चार माणसं लागतात, हेही. मी मोजमाप करणारी बाई आहे. जे मोजलं नाही त्यावर मी सही करत नाही. एकदा केली होती.

 “म्हाताऱ्याचं मी नाय सांगत,” बाबा म्हणाले. “त्यानं काय केलं ते त्याचं त्याला ठावं. माझ्यापुरतं लिवा.”

फौजदारांनी साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, “लिहा. मीही सही करतो त्याच्याखाली.”

मग पंचनाम्याच्या शेवटी, सह्यांच्या वर जी दोन बोटं जागा होती तिथं फौजदारांनी बारीक अक्षरात एक ओळ लिहिली आणि कागद परत दिला. बाबांनी तो उन्हात धरला, ओळ बोटानं दाखवली आणि माझ्या हातात दिला.

मी वाचलं: “सदर इसमाने हा रूळ वा इतर कोणताही रूळ चोरलेला नाही.”

“मोठ्यानं.”

मी मोठ्यानं वाचलं. काकी दारातच होत्या, त्यांनी ऐकलं. फौजदारांनी पेन पुढं केलं, पण बाबांनी ते अजून घेतलं नाही.

“आनिक एकदा वाच,” ते मला म्हणाले. “रस्त्याकडं बगून.”